बाळंतपणाचा खर्च कुणाच्या खात्यावर?

नोकरीच्या मुलाखतीत सव्वीस-अठ्ठावीस वर्षांच्या मुलीला एक प्रश्न हमखास येतो. कधी तो सरळच असतो, ‘लग्न झालंय का?’ कधी आडवळणाने येतो, ‘पुढच्या दोन-तीन वर्षांचं काय ठरवलंय?’ आताशा बऱ्याच ठिकाणी तो विचारतही नाहीत, कारण विचारू नये एवढं सगळ्यांना कळलं आहे. उत्तर मात्र मनातल्या मनात गृहीत धरलेलं असतं. तिच्याच वयाच्या मुलाचं लग्न ठरलं असेल तर त्याचा अर्थ उलटा लागतो: आता हा स्थिरावेल, मन लावून काम करील.

हा प्रश्न मनात आणणारा माणूस वाईट असतोच असं नाही. पुष्कळदा तो बाईमाणूसच असतो, जिने स्वतः हे सोसलेलं असतं. पण समोर एक हिशेब असतो, आणि तो हिशेब खोटा नसतो. कामाच्या ठिकाणच्या स्त्री-पुरुष समतेची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा मानसिकतेभोवती फिरते. कार्यशाळा होतात, महिला दिनाला भाषणं होतात, धोरणांच्या पुस्तिका छापल्या जातात. त्यांचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या तक्रार समितीबद्दल नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात सांगितलं गेलं तर त्यांना खरोखर बळ मिळतं. पण एका मालकाने बाईला कामावर घेतलं तर त्याच्या खिशाला चाट बसते आणि पुरुषाला घेतलं तर बसत नाही, अशी व्यवस्था जोवर आहे तोवर मनं बदलण्याचे प्रयत्न आकडेमोडीपुढे हरत राहतील. आणि ही व्यवस्था निसर्गाने केलेली नाही, आपल्या कायद्याने केलेली आहे.

२०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, तिसऱ्यापासून १२, आणि तीन महिन्यांहून लहान बाळ दत्तक घेणाऱ्या आईलाही १२. हा निर्णय योग्य होता आणि त्यातला एक दिवसही कमी करू नये, हे आधीच स्पष्ट सांगतो. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्या असं डॉक्टर सांगणार, आणि तिसऱ्या महिन्यात कचेरी तिला बोलावणार, या ओढाताणीतून त्या दुरुस्तीने लाखो बायकांना सोडवलं. दोष रजेच्या लांबीत नाही. या सहा महिन्यांचा पगार कुणी द्यायचा, या प्रश्नाचं कायद्याने दिलेलं उत्तर चुकीचं आहे: जिथे ती काम करते त्या एका मालकाने, पूर्णपणे, स्वतःच्या गल्ल्यातून. १९६१ चा तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे, पण हे उत्तर बदललेलं नाही.

वीस माणसांचं एखादं कार्यालय घ्या. महिना ४०,००० रुपये पगार घेणारी एक कर्मचारी प्रसूती रजेवर जाते. सहा महिन्यांचे २ लाख ४० हजार रुपये तिला मिळायलाच हवेत. तिचं काम थांबत नाही, म्हणून बदली माणूस घ्यायचा तर जवळपास तेवढेच पैसे पुन्हा. हजारो कर्मचारी असलेल्या कंपनीच्या ताळेबंदात हा आकडा दिसतही नाही. वीस माणसांच्या कार्यालयात तो दिसतो, खुपतो, आणि पुढच्या भरतीच्या वेळी आठवतो. नाकारलेल्या उमेदवाराला कुणी कारण लेखी कळवत नाही. नोकरभरतीत स्त्री-पुरुष भेद करू नये हे १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून आपल्या कायद्यात आहे, पण न मिळालेल्या नोकरीचा पुरावा कोर्टात कुणी कसा द्यायचा?

ही अडचण शंभर वर्षांपूर्वीच लोकांच्या लक्षात आली होती. १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मातृत्व संरक्षणाचा पहिला करार केला, तेव्हाच त्यात लिहिलं की रजेच्या काळातला भत्ता सरकारी निधीतून किंवा विमा योजनेतून द्यावा. २००० सालच्या करारात तर आणखी स्पष्ट केलं: मालकाची स्वतःची संमती नसेल तर या भत्त्याच्या थेट खर्चाला त्याला एकट्याला जबाबदार धरू नये. त्यामागचं कारणही तिथेच दिलं आहे, की नोकरीच्या बाजारात बायकांची बाजू कमजोर पडू नये. भारताने या कराराला मान्यता दिलेली नाही.

आपल्या इथला पुरावा याहून जवळचा आहे. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक चर्चेला आलं आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा, कारण लोकांचं कल्याण हे मुळात सरकारचं काम आहे, असं त्यांनी तिथे मोकळेपणाने मांडलं. सरकार तो वाटा उचलत नाही म्हणून विधेयक अडवावं, असं मात्र ते म्हणाले नाहीत. बाईच्या श्रमांतून मालकाला फायदा होतो, तेव्हा त्याचीही जबाबदारी आहेच, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला. खर्च गिरणीमालकांवर पडला. पुढच्या काही दशकांत मुंबईच्या गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण घसरत गेलं. त्याला कारणं अनेक होती: रात्रपाळीची बंदी, सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग-रीलिंग खात्यांत झालेले बदल, एकूणच कामगार कपात. बाळंतपणाच्या भत्त्याचा बोजा हेही त्यातलं एक कारण म्हणून अभ्यासक सांगत आले आहेत.

त्यानंतर आपण योग्य वाटेवर एक पाऊल टाकलंही होतं. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम आलं. तेव्हा केंद्रातल्या मजूर खात्याची जबाबदारी आंबेडकरांकडे होती. अदारकरांच्या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपली ईएसआय योजना उभी राहिली. तिची रचना बघण्यासारखी आहे. मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के. ही वर्गणी प्रत्येक कामगारामागे सारखी, बाई असो की पुरुष. बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली की २६ आठवड्यांचा भत्ता योजनेच्या निधीतून येतो, मालकाच्या गल्ल्यातून येत नाही. बायकांना न घेऊन मालकाचा एक रुपयाही वाचत नाही.

पण ही योजना २१,००० रुपयांच्या पगारावर थांबते, आणि ही मर्यादा २०१७ पासून तिथेच आहे. महिना २०,००० कमावणाऱ्या बाईचं बाळंतपण सगळ्यांच्या वर्गणीतून होतं. तिला बढती मिळाली, पगार २२,००० झाला, की तेच बाळंतपण तिच्या मालकाचा खासगी तोटा ठरतं. म्हणजे बाई कौशल्याने, अनुभवाने जसजशी वर चढते तसतशी ती मालकाला ‘महाग’ होत जाते. पर्यवेक्षक, अभियंता, व्यवस्थापक या पदांवर बायका का दिसत नाहीत याची चर्चा आपण करतो, तेव्हा या २१,००० च्या रेषेचं नाव कुणी काढत नाही.

पाळणाघरांच्या बाबतीत हेच तत्त्व कायद्याने स्वीकारलेलं आहे, म्हणून मला या गोष्टीचं विशेष वाटतं. कारखाने कायद्यात पूर्वी तरतूद होती की तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर मालकाने पाळणाघर काढावं. हेतू चांगला होता, पण नियम असा की एकतिसाव्या बाईला कामावर घेतलं की खर्च सुरू. तिसावर थांबण्याचं आमिषच कायद्याने दिलं होतं. २०१७ च्या दुरुस्तीने मोजणी बदलली: एकूण ५० कर्मचारी असतील, मग ते सगळे पुरुष का असेनात, तर पाळणाघराची सोय हवी. जबाबदारी बायकांच्या संख्येपासून सुटली. (पाळणाघरात दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा त्याच दुरुस्तीने फक्त आईला दिली, वडिलांना नाही, ही चूक वेगळी.) पाळणाघरासाठी जे शहाणपण सुचलं ते त्याच दुरुस्तीत पगारासाठी सुचू नये, याचं कारण मला आजवर उमगलेलं नाही.

‘एवढा पैसा आणायचा कुठून?’ हा पहिला आक्षेप असतो. समजा शंभर कर्मचाऱ्यांत वर्षाला दोघी प्रसूती रजेवर जातात. प्रत्येकीचं अर्धं वर्ष, म्हणजे दोघींचं मिळून एका माणसाच्या वर्षभराच्या पगाराएवढा खर्च, म्हणजेच एकूण पगाराच्या सुमारे एक टक्का. तो सगळ्या मालकांवर सारखा वाटला तर कुणाचंही कंबरडं मोडत नाही. आज तोच खर्च ज्यांनी बायकांना संधी दिली त्यांच्यावर एकवटतो आणि ज्यांनी दिली नाही ते मोकळे राहतात. शिवाय हा नवा खर्च नाहीच. तो आजही कुणीतरी भरतंच आहे.

दुसरा आक्षेप अधिक मनापासून येतो: आमच्याकडे सगळे पुरुषच कामाला आहेत, आम्ही कशासाठी भरायचं? उत्तर असं की त्या पुरुषांनाही मुलं होतात. त्यांच्या बायका शाळेत, बँकेत, दवाखान्यात, दुसऱ्या एखाद्या कंपनीत नोकरी करतात, आणि तिथला मालक त्या बाळंतपणाचा पगार देतो. सगळे पुरुष ठेवणारा कारखाना आपल्या कामगारांच्या मुलांचा खर्च गुपचूप दुसऱ्याच्या अंगावर ढकलत असतो. वीस वर्षांनी ती मुलं मोठी होऊन कामाच्या शोधात बाहेर पडतील तेव्हा त्यांच्यातूनच तो आपले कामगार निवडणार. भरतीत भेदभाव करणाऱ्याला बक्षीस आणि न करणाऱ्याला दंड, अशी ही रचना आहे.

सरकारला हे कळलेलं नाही असंही नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाने एका प्रस्तावाबद्दल निवेदन काढलं होतं: १५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या बाईला २६ आठवड्यांची रजा देणाऱ्या मालकाला सात आठवड्यांचा पगार सरकार परत करील. वाढीव रजेमुळे खासगी मालक बायकांना घ्यायला कचरतात, ही भीतीही त्यात नोंदवलेली होती. सात आठवडे अपुरे होते, १५,००० ची मर्यादाही तोकडी होती, तरी निदान दिशा बरोबर होती. पुढे त्या प्रस्तावाचं नाव फारसं ऐकू आलं नाही.

मात्र नुसता पगार सामायिक निधीतून दिला म्हणजे काम झालं असं होणार नाही. माणूस सहा महिने जागेवर नसणं हाही एक खर्च आहे, आणि तो पैशाने पूर्ण भरून निघत नाही. गैरहजर राहण्याची शक्यता फक्त बाईच्या बाबतीतच असेल, तर निधी असूनही मालक पुरुषालाच पसंत करील. म्हणून वडिलांची रजा हा या मागणीचा अर्धा भाग आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी क्षेत्रासाठी कायद्यात काहीच नाही. जे आहे ते कंपनीच्या मर्जीवर. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये पितृत्व लाभाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. ते मंजूर झालं नाही.

वडील रजा घेतीलच कशाला, असं विचारणाऱ्यांनी नॉर्वेकडे पाहावं. तिथे आई-वडिलांना वाटून घेण्याची रजा आधीपासून होती, पण ती घेणारे वडील अगदी थोडे होते. १९९३ मध्ये चार आठवडे फक्त वडिलांसाठी राखून ठेवले; घेतले नाहीत तर वाया. काही वर्षांत बहुसंख्य वडील रजा घेऊ लागले. आइसलँडने २००० च्या कायद्याने आईला तीन महिने, वडिलांना तीन महिने आणि दोघांत मिळून तीन अशी विभागणी केली. २०२१ पासून दोघांना सहा-सहा महिने, त्यातले फक्त सहा आठवडे एकमेकांना देता येतात. पैसा एका निधीतून येतो, आणि तो निधी सगळ्या मालकांच्या वर्गणीतून उभा राहतो. अशा देशात तरुण मुलगा मुलाखतीला आला तरी मालकाला तेच गणित करावं लागतं जे मुलीसाठी करावं लागतं.

आपल्याकडे याची गरज अधिक आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात. जे पुरुष ही कामं करतात त्यांची सरासरी ८८ मिनिटं, आणि मुळात ती करणारे पुरुष चारांत जेमतेम एक. बाळाच्या पहिल्या महिन्यांत घरातली कामं कुणाची हे ठरून जातं, आणि पुढे ते बदलायला फार जड जातं. त्या दिवसांत बाप कचेरीत असेल तर बाळाला अंघोळ घालायची, ताप आला तर काय करायचं, रात्री कुणी उठायचं, हे सगळं आईचं होऊन बसतं. सहा महिन्यांनी ती कामावर परतते ती हे ओझं घेऊनच.

परतल्यावर काय होतं, यावर कायदा जवळपास गप्प आहे. रजेवर असताना तिला काढून टाकता येत नाही, एवढं संरक्षण आहे. पण तिची महत्त्वाची कामं दुसऱ्याकडे गेलेली असतात. वर्षाच्या अखेरच्या मूल्यमापनात अर्ध्या वर्षाच्या कामाची तुलना इतरांच्या पूर्ण वर्षाशी होते आणि तिला ‘सरासरी’ शेरा मिळतो. त्या शेऱ्यावरून पगारवाढ, पगारवाढीवरून पुढची बढती. दहा वर्षांनी तिच्याबरोबर रुजू झालेला सहकारी दोन पायऱ्या वर असतो, आणि दोघांना वाटत राहतं की फरक त्यांच्या क्षमतेत होता. अर्थशास्त्राचं २०२३ चं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या दोनशे वर्षांच्या नोंदी तपासून हेच दाखवलं: आजच्या काळातली स्त्री-पुरुष पगारातली तफावत मोठ्या प्रमाणात पहिल्या मुलाच्या जन्मानंतर उघडते. वेळी-अवेळी हजर राहणाऱ्याला भरभरून मोबदला देणाऱ्या नोकऱ्या ती वाढवतात. रात्री नऊच्या बैठकीला थांबणारा माणूस निष्ठावान आणि साडेसहाला पाळणाघर गाठणारी बाई कामचुकार, हा निकष कोणत्या धोरणपुस्तिकेत लिहिलेला नसतो, पण बढत्या त्यावरच होतात. रजेचा काळ मूल्यमापनातून वगळावा आणि उरलेल्या महिन्यांच्या कामावरच शेरा द्यावा, एवढा नियम करायला कोणत्याही संस्थेला कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

न्यायालयांनी आपल्या बाजूने पुष्कळ काम केलं आहे. पहिल्या गरोदरपणाबरोबर हवाई सुंदरीची नोकरी संपवणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रद्द केला. २००० मध्ये दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या मजूर बायकांना मातृत्व लाभ मिळवून दिला. कंत्राटाची मुदत संपली तरी २६ आठवड्यांचा लाभ पूर्ण द्यावा लागेल, असं २०२३ मध्ये सांगितलं. पण जी बाई कोर्टात जाते ती आधी नोकरीवर असते. भरतीच्याच दारात अडलेलीचा खटला उभा राहत नाही.

आणि ज्या बाईला ‘मालक’ असा कागदावर सापडतच नाही तिचं काय? ऊसतोडीला जाणारी बाई घ्या. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचा एकच हिशेब धरला जातो, टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, आणि एका दिवसाचा खाडा झाला की दंड. बाळंतपण, पाळी, आजारपण, सगळं खाड्यातच धरलं जातं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची माहिती तपासली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सहा महिन्यांच्या पगारी रजेची चर्चा या बायकांपर्यंत पोहोचतही नाही. त्यांच्या वाट्याला येते ती प्रधानमंत्री मातृवंदना योजना, पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये. २६ आठवड्यांवर पसरले तर आठवड्याला २०० रुपयेसुद्धा होत नाहीत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर बाईला किमान ६,००० रुपये देण्याचं वचन दिलं होतं, ते या योजनेत ‘पहिल्या मुलासाठी’ असं आकसलं; २०२२ पासून दुसऱ्या मुलासाठी मदत मिळते, तीही ते मूल मुलगी असेल तरच.

पण सामायिक निधी कसा उभा करायचा याचा नमुना याच धंद्यात तयार आहे. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ निघालं, तेव्हा गाळलेल्या उसाच्या टनामागे १० रुपये कारखान्यांनी द्यायचे आणि तेवढीच भर राज्य सरकारने घालायची असं ठरलं. वर्गणी टनावर आहे, फडात किती बायका होत्या यावर नाही. बांधकाम मजुरांसाठी १९९६ पासून बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर आहे, तोही मजूर बाई आहे की पुरुष हे विचारत नाही.

केंद्राने ईएसआयची पगारमर्यादा निदान मातृत्व लाभापुरती काढून टाकावी आणि वडिलांची किमान तीन महिन्यांची, आईला देता न येणारी रजा त्याच निधीतून द्यावी, यासाठी संसदेत लढावं लागेल आणि त्याला वेळ लागेल. फडातल्या बाईसाठी मात्र थांबण्याचं कारण नाही. महामंडळाच्या निधीतून तिला बाळंतपणाच्या काळातल्या मजुरीची भरपाई देता येते, आणि त्या दिवसांचा खाडा उचलीतून कापायला मुकादमाला मनाई करता येते. त्याला राज्य सरकारचा एक निर्णय लागतो, आणि येत्या गाळप हंगामाच्या टोळ्या गाव सोडण्याआधी तो निघायला हवा.